त्यावर माती टाका

हिवाळे सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी परतूरला बँकेच्या रांगेत उभी होते, आणि तेही हयातीचा दाखला द्यायला. निवृत्त मास्तरांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. जन्मभर गणित शिकवल्यामुळे सिद्धता या शब्दाशी माझं जुनं नातं, पण एवढी अपमानास्पद सिद्धता दुसरी नाही, असं मी पुढच्या गृहस्थांना ऐकवत होते. तेवढ्यात फोन वाजला. सरांची मुलगी प्रज्ञा बोलत होती. "मॅडम, पप्पा गेले. सकाळी चहा घेऊन अंगणात बसले होते, कप तसाच राह्यला..." मग म्हणाली, "दुपारी तीनला माती हाय. जमलं तर या." माझ्या हातातल्या अर्जावर सहीची जागा रिकामी होती. ती तशीच ठेवून मी स्टँडवर आले.

आमच्याकडे जाळा नाहीतर पुरा, अंत्यविधीला मातीच म्हणतात. कुंभार पिंपळगावची गाडी नेमकी गेलेली, दोन जिपा बदलत मी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते आणि लोक परत फिरले होते. सरांच्या मातीला मी पोचले नाही. हिवाळे सर आणि माती हे दोन शब्द माझ्या आयुष्यात एकमेकांना असे चिकटलेले आहेत की ही चुकामूक मला फार लागली. आता महिना होऊन गेला. मन जरा थाऱ्यावर आलं आहे, म्हणून लिहायला बसले.

आष्टीच्या आमच्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवायची आणि सर चित्रकला व कार्यानुभव. शाळेत गणिताचा मान थोरल्या जावेचा आणि कार्यानुभव म्हणजे धाकटी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षा जवळ आली की त्यांचे तास मी मागून घ्यायची. मागून म्हणजे हिसकावूनच. ते हसून म्हणायचे, "घ्या मॅडम, आमची वांगी काय पळून चालली न्हाईत." उंच, सावळा, किंचित वाकलेला माणूस. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत कायम काळी माती. कुंपणाच्या भिंतीलगत त्यांनी पोरांकडून वाफे करून घेतले होते, त्यात वांगी, मिरची, शेपू काय काय लावलेलं असे. पोरं पाठीमागे त्यांना 'माती सर' म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं. पण त्या नावामागे वांगी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं, ते मला शाळेत लागल्यावर दोनेक महिन्यांनी कळलं.

नववीतल्या एका मुलीचे पैंजण खेळाच्या तासाला दप्तरातून गेले. मुलगी रडून रडून लाल झालेली. मी वर्गाचं दार लावलं आणि सांगितलं, दप्तरं बाकावर उपडी करा, खिसे बाहेर काढा. माझा स्वभाव पहिल्यापासून तसाच. उत्तर निघेपर्यंत मला पाणी गोड लागत नाही. दाराबाहेरून सर जात होते. ते आत आले, पोरांसमोर मला काही बोलले नाहीत, व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "मॅडम, झडती घेऊ नका. एक दिवस मला द्या." मग वर्गात जाऊन त्यांनी सांगितलं, उद्या प्रत्येकाने घरून पिशवीभर माती आणायची. एकेकाने कार्यानुभवाच्या खोलीत एकट्याने जायचं, माती ढिगावर टाकायची आणि बाहेर यायचं. सगळ्यांनी, म्हणजे ज्या मुलीचे पैंजण गेले तिनेही आणि मॅडमनीही.

दुसऱ्या दिवशी मीही प्लास्टिकच्या पिशवीत माती घेऊन रांगेत उभी राहिले. काय वाटलं असेल ते विचारू नका. सर दाराबाहेर खुर्ची टाकून, खोलीकडे पाठ करून बसले होते. शेवटचा मुलगा बाहेर आल्यावर ते आत गेले आणि सगळा ढीग त्यांनी हातांनी कालवला. शेतातली काळी, गावठाणातली पांढरी, रस्त्याकडेचा मुरूम, सगळं एक केलं. मातीच्या रंगावरून पोरगं कोणत्या आळीचं ते ओळखू येऊ नये म्हणून आधी कालवायचं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग वाळूची चाळणी लावली. तिसऱ्या चाळणीला पैंजण वर आले. उरलेली माती वाफ्यात गेली आणि विषय संपला. मी विचारलं, "पण घेतले कुणी होते?" सर म्हणाले, "तुम्हाला पैंजण पाहिजेत का चोर?" मी म्हटलं, दोन्ही. त्यावर ते मनापासून हसले. "दोन्ही मिळत न्हाईत मॅडम. परत करणाऱ्याला वाट पाहिजे का न्हाई? जे आलं ते घ्यायचं, बाकीच्यावर माती टाकायची. विचारायचं बिलकुल न्हाई."

ही रीत त्यांच्या गावाकडची. लहानपणी गावात काही हरवलं की झडतीला माणसं पहिल्यांदा त्यांच्याच वस्तीत यायची. एकदा नथ हरवली तेव्हा त्यांची आई उंबऱ्यात आडवी बसली आणि म्हणाली, झडती देणार नाही. माती टाकायची तर सगळा गाव टाकेल, नथवाल्यांच्या घरचेही टाकतील. टाकली. नथ निघाली. कुणाच्या हातून आली ते आजवर कळलं नाही, पण त्यानंतर झडतीला कुणी आलं नाही. हे सगळं ते अगदी सहज सांगायचे, वांग्यावर कीड पडली कशी ते सांगावं तसं. मी मात्र त्या दिवसानंतर कुणाचं दप्तर उपडं केलं नाही.

आमची पोरं काही संतांची लेकरं नव्हती. आठवीपर्यंत नाकासमोर चालणारी पोरं नववीत आली की त्यांना वारं लागे. मोज्यात गुटख्याची पुडी, स्टँडवर थोरल्या टोळक्याच्या मोटरसायकली, एखादीच्या फोटोवरून पट्ट्यांनी मारामारी. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून, जाळून तांबं भंगारात घालणं हा तर काही जणांचा उद्योगच होता. त्या केबलच्या भानगडीत एकदा आमच्या नववीतला किरण सापडला. आई-बाप ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो चुलत्याकडे असायचा. चुलत्याला स्वतःची चार. पोलिसांनी दम देऊन सोडलं, मुख्याध्यापकांनीही सोडलं, पण नाव लागलं ते लागलंच. खडू हरवला तरी वर्ग आधी किरणकडे बघायचा. मीही बघायची, खोटं कशाला सांगू.

त्याच वर्षी माझं घड्याळ गेलं. वडिलांनी नोकरी लागल्यावर दिलेलं. फळ्यावर लिहिताना मी ते काढून टेबलावर ठेवत असे. बाजाराचा दिवस होता, वर्ग अर्धा रिकामा, आणि तास संपल्यावर बघते तर घड्याळ नाही. वडील वर्षभरापूर्वीच वारले होते. मी स्टाफरूममध्ये बसून रडले. सरांनी दोन दिवसांनी माती ठरवली. मी हो म्हटलं, पण मला या वेळी घड्याळही पाहिजे होतं आणि चोरही. कार्यानुभवाच्या खोलीला लागून खेळाच्या सामानाची खोली होती. मधल्या दाराच्या फळ्यांना बोटभर फट. वह्या तपासते असं सांगून मी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. लेझीम, डंबेल्स आणि धूळ यांच्यामध्ये एक तासभर. एकेक पोर येत होतं, पिशवी रिकामी करून जात होतं. मग किरण आला. त्याने माती टाकली, दाराकडे बघितलं, खिशातून घड्याळ काढलं आणि मूठ ढिगात कोपरापर्यंत घातली. हात चड्डीला पुसला. मग जाता जाता परत वळून त्याने ढीग वरून सपाट केला, आई भाकरीवर पाण्याचा हात फिरवते तसा.

मी त्याच दुपारी मुख्याध्यापकांना सांगितलं. स्टाफरूममध्येही सांगितलं, जरा फुशारकीनेच. मुख्याध्यापकांनी चुलत्याला बोलावलं, मुलाला आपल्या मर्जीने काढून नेतो असं लिहून घेतलं आणि दाखला हातात दिला. कागदोपत्री शाळेने त्याला काढलंच नाही, त्यामुळे पुढे दुरुस्त करायलाही कागदावर काही नव्हतं. सर मला बोलतील म्हणून मी तयारीत होते, चार उत्तरं पाठ करून ठेवली होती. ते आले, माझ्या मनगटाकडे बघितलं. "चालू हाय का घड्याळ?" मी म्हटलं, आहे. "मंग बरं झालं," म्हणाले आणि तासावर गेले. एवढंच. माझी चारी उत्तरं तोंडात राहिली.

पंधरा दिवसांनी दहावीतल्या एका मुलीचा मोबाईल गेला. परत माती ठरली. पोरांनी माती आणली, रांग लावली, आणि आत गेलेलं प्रत्येक पोर आधी त्या मधल्या दाराच्या फटीकडे बघत होतं. पोरं बाहेर येऊन एकमेकांना तेच सांगत होती, असं मला एका मुलीनेच नंतर सांगितलं. सरांनी ढीग कालवला, चाळला, परत चाळला. नुसती मातीच निघाली. त्यांनी घमेली भरभरून ती वाफ्यात नेऊन टाकली, हात धुतले आणि त्यानंतर शाळेत कधीही माती टाकायला लावली नाही. पुढे शाळेत कॅमेरे बसले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. सर वर बघून एवढंच म्हणाले, "याला दिसतं सगळं, पण परत करायला जागा कुठं हाय?"

महिनाअखेरीला हजेरीपटाची बेरीज करायला बसले होते. बेरजेत माझी चूक होत नाही, हा माझा जुना गर्व. किरणच्या ओळीवर नाव कमी झाल्याची रेघ मारायची होती. रेघ मारताना बोट मागे सरकलं आणि बाजाराच्या त्या दिवसाच्या रकान्यावर थांबलं. माझ्याच हाताने, माझ्याच लाल शाईने तिथे गैरहजेरीची खूण केलेली होती. ज्या दिवशी घड्याळ गेलं त्या दिवशी किरण शाळेत नव्हताच. मी परत परत तारीख बघितली. चुलतीबरोबर तो बाजाराला गेला होता, हेही मग आठवलं. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं आणि मी त्याला रागावले होते. म्हणजे घड्याळ घेतलं दुसऱ्याच कुणीतरी आणि परत टाकायचं धाडस होईना म्हणून ते दिलं किरणच्या हातात. आधीच नाव लागलेल्याच्या. टाकताना बघितलं म्हणजे घेताना बघितलं, असं समीकरण मी मांडलं होतं. सहावीच्या पोराने मांडलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं.

पट घेऊन मी वाफ्यांकडे गेले. सर मिरचीला खुरपत होते. पट त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "सर, मी माती खाल्ली." त्यांनी पट बघितला, बराच वेळ बघितला. मला वाटलं आता तरी बोलतील. खुरपं खाली ठेवून ते उठले. "बारकं लेकरू माती खातं तवा माय काय करती? बोट घालून काढती तोंडातून. चला." कुठे, असं मी विचारलं नाही. किरणच्या चुलत्याच्या घरी गेलो तर कळलं, तीन दिवसांपूर्वी स्टँडवरच्या दोन थोरल्या पोरांबरोबर चोरीच्या मोटरसायकलवर तो सापडला होता. शाळा नाही, काम नाही, पोरगं दिवसभर स्टँडवरच असायचं. आता तो जालन्याला निरीक्षणगृहात होता. चुलती म्हणाली, "एक घड्याळ चोरलं तवाच कळलं आम्हाला, ह्याच्या नशिबी काय हाय ते." मी तिथे उभी होते. मला सांगता आलं नाही. सरांनी सांगितलं, "त्यानं घड्याळ न्हाई चोरलं वहिनी. आमची चूक झाली." माझी म्हणाले नाहीत, आमची म्हणाले.

किरणचे आई-बाप कारखान्याकडून यायला वेळ लागणार होता. सरांनी रीतसर परवानगी काढली आणि आम्ही दोघं एसटीने जालन्याला गेलो. किरण समोर येऊन बसला. केस बारीक कापलेले, डोळे खाली. "त्या दिवशी तू शाळेत नव्हतास," मी म्हटलं. तो म्हणाला, "मला माहीत हाय मॅडम." "मग सांगितलं का नाहीस?" त्याने सरांकडे बघितलं. "सर म्हणले होते, विचारायचं न्हाई. मंग सांगायचंबी नसतंय ना." वर्गातल्या साठ पोरांत आणि शाळेतल्या बारा मास्तरांत ती रीत पुरती कळली होती ती या एका पोराला, आणि त्यालाच आम्ही काढून टाकलं होतं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. सरांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या. ते सोलायचे आणि दाणे माझ्या बाजूला ठेवायचे.

मग मी तीन गोष्टी केल्या, तिन्ही सरांनी करायला लावल्या म्हणून. मुख्याध्यापकांपुढे लेखी चूक कबूल केली. वर्गात उभं राहून सांगितलं, किरणने घड्याळ घेतलं नव्हतं, मी लपून बघितलं, मी चुकले. साठ पोरं मान खाली घालून बसली होती. घेणारंही त्यांच्यातच बसलेलं असणार, आणि मी कुणाच्याही तोंडाकडे न बघता फळ्याकडे वळले, हे मात्र मला फार जड गेलं. तिसरी गोष्ट किरणची. बाल न्याय मंडळापुढे सर त्याच्यासाठी उभे राहिले, त्याला घरी आणलं, आणि शाळेत परत यायला तो काही केल्या तयार होईना तेव्हा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं. गणित मी शिकवलं, दर रविवारी, माझ्या घरी. पहिल्या खेपेला तो पाच विषयांत पास झाला आणि नेमका गणितात नापास. सर आठ दिवस हसत होते. पुरवणी परीक्षेत सुटला. आज आष्टीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ज्या मोटारींच्या केबली तोडल्या त्याच भरतो, असं त्याचं तोच सांगतो.

या सगळ्यात मी सरांना तीन-चारदा तरी विचारलं असेल, "पण सर, मग घेतलं कुणी?" मला ते सुटत नव्हतं. त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभातही विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या जिवाला लई तरास हाय बघा." त्यांना माहीत होतं की नव्हतं, तेही मला कधी कळलं नाही. माहीत नसावं. त्यांनी माहीत करूनच घेतलं नसावं.

मागच्या आठवड्यात कुंभार पिंपळगावला त्यांच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आदल्या दिवशी किरणचा फोन आला, "मॅडम, गाडी घेऊन येतो, जीपनं येऊ नका." त्याच्या छोट्या टेम्पोत पुढे बसून गेले. अंगणात मांडव, वंदना झाली, चार माणसं बोलली. जुने विद्यार्थी खूप आले होते. मला बोलता आलं नाही, म्हणून तर हे लिहिते आहे. पंगती बसायच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आली. आमच्याच शाळेतली, किरणच्याच वर्गातली. आता तिला दोन लेकरं आहेत, चांगली नोकरी आहे. नाव मी लिहिणार नाही. नमस्कार करून ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याशी एक बोलायचं होतं. लई वर्षांपासून. नववीतलं..." आणि थांबली. तिच्या हातात पदराचं टोक होतं, ते ती गुंडाळत होती आणि सोडत होती. पलीकडे किरण खुर्च्या उचलत होता. त्याचे हात थांबले. तो आमच्याकडे बघत होता.

मी एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यापुढे आपणहून येऊन उभं होतं. नुसतं 'बोल' म्हणायचा अवकाश होता. आणि मला खरंच विचारायचं होतं, हेही सांगून टाकते. माझा स्वभाव सरांनी बदलला असं काही कुणी समजू नये. मी म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "न्हाई." "मग आधी जेवून घे. सरांच्या घरी उपाशी उभं राहू नये." तिला मी माझ्या शेजारी पाटावर बसवलं. वाढणाऱ्याला सांगून तिच्या पानात दोनदा भाजी वाढायला लावली. ती मान खाली घालून जेवली, जेवताना एकदा डोळे पुसले, आणि जाताना माझ्या पाया पडून गेली.

परतताना किरणच गाडी चालवत होता. आष्टीच्या अलीकडे त्याने विचारलं, "मॅडम, ती काय म्हणत होती?"

"काही नाही," मी म्हटलं. "सरांची आठवण काढत होती."

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "बराबर," तो म्हणाला.

एवढी वर्षं पोरांच्या वह्यांवर हा शब्द मी लिहीत आले. माझ्या उत्तरावर तो त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला, आणि द्यायचा हक्क ज्याला होता त्याच्याच तोंडून.